ग्विदिरचे विन: भिंतीवरची वंशावळ आणि तिचे सांधे

उत्तर वेल्समध्ये कॉन्वी नदीच्या काठी लानरूस्ट हे बाजाराचे गाव आहे. तिथल्या सेंट ग्रूस्टच्या चर्चला लागून सर रिचर्ड विन याने १६३३-३४ मध्ये जवळच्या ग्विदिर वाडीतल्या आपल्या घराण्याचे चॅपेल बांधले. आत भिंतीवर एक लेख आहे. रिचर्डचा बाप सर जॉन, त्याचा बाप मॉरिस, त्याचा जॉन, त्याचा मेरेडिथ असे करत पिढ्यांची माळ थेट ओवाइन ग्विनेदपर्यंत, म्हणजे ११७० मध्ये वारलेल्या राजापर्यंत, ओवत नेली आहे. रिचर्ड धरून पंधरा नावे. वंशावळ शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी तयार उत्तर पडते, आणि पंचाईत तिथूनच सुरू होते.

वेल्समधल्या जुन्या जमीनदार घराण्यांची वंशावळ मिळत नाही, अशी तक्रार सहसा नसतेच. ती तीन-चार जागी मिळते, लांबलचक मिळते आणि दर जागी थोडी वेगळी मिळते. म्हणून शोधण्यापेक्षा सांधे तपासण्यात वेळ जातो. अमुक हा तमुकाचा मुलगा, हा एक सांधा. पंधरा नावांत चौदा सांधे. त्यातला प्रत्येक सांधा त्या दोघांच्या हयातीच्या आसपासच्या आणि घराण्याच्या मोठेपणाशी देणेघेणे नसलेल्या कागदावर टिकतो का, ते पाहायचे. विन घराण्यावर हे काम करताना जो क्रम उपयोगी पडला तो पुढे दिला आहे.

सुरुवात अलीकडच्या टोकाकडून करायची, हा नियम कुठल्याही वंशावळीला लागू आहे. पण इथे अलीकडच्या टोकालाच फाटे फुटतात. सर रिचर्डच्या मागून भाऊ ओवेन, त्याच्या मागून ओवेनचा मुलगा रिचर्ड. हा धाकटा रिचर्ड १६७४ मध्ये वारला आणि मागे राहिली एकटी मुलगी, मेरी. बॅरोनेट ही वंशपरंपरेची पदवी मुलीकडे जात नाही, जमीन जाते. ग्विदिरची जमीन मेरीबरोबर गेली. तिने १६७८ मध्ये रॉबर्ट बर्टीशी लग्न केले, आणि हा बर्टी पुढे अँकास्टरचा पहिला ड्यूक झाला. पदवी गेली चुलत घराण्यातल्या सर जॉनकडे. तो १७१९ मध्ये निपुत्रिक वारला आणि पदवी संपली. वॉटस्टे या जागेचे नाव विनस्टे असे बदलणारा तो हाच. विनस्टेची मालमत्ता त्याने वॉटकिन विल्यम्स या नात्यातल्या तरुणाला दिली, आणि वॉटकिनने आपल्या नावाला विन जोडून घेतले.

नवखा इथेच फसतो. विल्यम्स-विन हे नाव दिसले की माणूस आनंदाने वर ग्विदिरला जाऊन पोचतो. वॉटकिनची पुरुषपरंपरा मात्र विल्यम्सांची. हाउस ऑफ कॉमन्सचा सभापती सर विल्यम विल्यम्स हा त्याचा आजोबा. विनांचे रक्त त्याच्याकडे आईकडून आले: त्याची आई जेन थेलवॉल, तिची आई सिडनी, सिडनीचा बाप विल्यम विन, आणि विल्यम हा पहिल्या सर जॉनचा मुलगा. आडनाव सांगते एक, रक्ताची वाट असते दुसरीच.

कागदांचेही तसेच. कागद जमिनीमागे जातात, आडनावामागे जात नाहीत. ग्विदिरच्या जमिनीचा दस्त शोधायचा तर विन हे नाव धरून बसू नये. बर्टी-अँकास्टर घराण्याची गढी लिंकनशायरमध्ये, म्हणून त्यांच्या कागदांसाठी लिंकनशायरच्या अभिलेखागाराची यादीही चाळावी लागते. घराण्याची पत्रे निराळ्या वाटेने अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आली. १५१५ ते १६९० या काळातल्या पत्रांची सारांशासह सूची १९२६ मध्ये छापली गेली आहे, आणि या घराण्यावर काम करणाऱ्याने सगळ्यात आधी ती पुढ्यात घ्यावी. विनस्टेचा वाडा १८५८ मध्ये जळाला, त्यात ग्रंथसंग्रहही गेला. म्हणून जुन्या लेखकाने ‘विनस्टेच्या हस्तलिखितात असे आहे’ म्हटले की ते आता पडताळता येईलच असे नाही. तशी टीप दिसली की तिच्याशेजारी तारीख टाकून ठेवावी: आगीच्या आधीची की नंतरची.

धाकट्या मुलांचा माग मधेच तुटतो, आणि पुष्कळदा तो हिंदुस्थानात लागतो. विनस्टेच्या घराण्यातला चार्ल्स विल्यम्स-विन हा त्या वॉटकिनचा नातू. तो १८२२ ते १८२८ या काळात लंडनमध्ये बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता, म्हणजे एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा प्रमुख. वेल्समधल्या ज्या घरातला धाकटा मुलगा १८व्या-१९व्या शतकात एकाएकी नाहीसा होतो, त्याच्यासाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी पाहाव्यात. तिथे बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या ‘एन’ मालिकेत १ म्हणजे बंगाल, २ म्हणजे मद्रास आणि ३ म्हणजे मुंबई. पुण्या-मुंबईच्या, कोकणपट्टीच्या छावणीत गेलेला माणूस तिसऱ्या मालिकेत सापडण्याची शक्यता जास्त.

नेहमीच्या नोंदींबद्दल थोडक्यात. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून. जनगणनेत नावानिशी माणसे १८४१ पासून. १९३१ ची आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही. त्यामागे चर्चच्या नोंदवह्या. हुकूम १५३८ चा आहे, पण वेल्समध्ये १६६० च्या आधीच्या वह्या फार थोड्या गावांच्या उरल्या आहेत, आणि १६४२ ते १६६० या यादवीच्या काळात ज्या आहेत त्याही गाळलेल्या. लग्नाची नोंद १७५४ पासून ठरावीक नमुन्यात येऊ लागते. १८३७ च्या आधीच्या लग्नाच्या नोंदीत बापाचे नाव मिळेल, ही आशा धरू नये.

तारखेत मात्र थांबावे लागते. १७५२ पर्यंत तिथे वर्ष २५ मार्चला बदलत असे. सर जॉन विन १ मार्च १६२७ ला वारला असे आजचे चरित्रकोश देतात. त्या वेळचा लेखनिक तीच तारीख १ मार्च १६२६ अशी लिहिणार. दोन्ही बरोबर. टिपण करताना १६२६/७ असे दुहेरी लिहायचे, आणि मूळ कागदावर काय आहे तेही शेजारी. हे केले नाही की एप्रिल १६३० मध्ये बाप्तिस्मा झालेले मूल फेब्रुवारी १६३० मध्ये पुरलेले दिसते आणि माणूस दोन वेगळी मुले कल्पून बसतो. राजाच्या कारकिर्दीची वर्षे ही आणखी एक पायरी. एलिझाबेथचे २० वे वर्ष म्हणजे १७ नोव्हेंबर १५७७ ते १६ नोव्हेंबर १५७८. नुसते ‘१५७८’ असे उतरवले तर सहा आठवड्यांची चूक वर्षाची होते.

मृत्युपत्रे हा या कामातला सगळ्यात कसदार भाग. १८५८ च्या आधीची, वेल्सच्या धर्मप्रांतांत सिद्ध झालेली मृत्युपत्रे नॅशनल लायब्ररीने संगणकावर फुकट ठेवली आहेत. प्रांत चार: बँगर, सेंट असाफ, सेंट डेव्हिड्स आणि लॅन्डाफ. कोणता प्रांत पाहायचा हे नकाशावरून ठरवू नये. ग्विदिर ही वाडी कॉन्वीच्या पश्चिमेला, कारनार्वनशायरमध्ये. पण ती मोडत असे लानरूस्टच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत, आणि लानरूस्ट सेंट असाफच्या प्रांतात. तिथून काही मैलांवरचे डोलविदेलान, याच घराण्याचे, ते मात्र बँगरच्या प्रांतात. जिल्हा बघून पेटी मागवणारा नेमकी चुकीची पेटी मागवतो. शिवाय दुसऱ्या प्रांतातही ५ पौंडांची मालमत्ता असली तर मृत्युपत्र कँटरबरीच्या वरच्या न्यायालयात जाई. जमीनदारांची पुष्कळशी तिकडेच गेलेली असतात. ती लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘प्रॉब ११’ या मालिकेत आहेत. १६५३ ते १६६० मध्ये तर सगळ्यांचीच तिथे.

मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नसणे याचा अर्थ तो मेला किंवा बापाने टाकला, असा काढू नये. जमीन त्याला लग्नाच्या करारानेच मिळालेली असते, म्हणून बाप त्याला एखादी अंगठी देतो किंवा काहीच देत नाही. मृत्युपत्र वाचायचे ते मुली, जावई, धाकटे मुलगे आणि अनौरस संततीसाठी. ‘कझिन’ आणि ‘नेव्ह्यू’ हे शब्द तेव्हा सैल होते. नातवालाही नेव्ह्यू म्हणत. त्यामुळे अशा शब्दावर एकही सांधा टांगायचा नाही.

इथपर्यंत इंग्लंडमधल्या कुठल्याही घराण्यासारखेच. १५५० च्या मागे गेलो की वाट बदलते, कारण आडनावच संपते.

वेल्शमध्ये माणसाचे नाव, मग बापाचे, मग आजोबाचे. मधे ‘अप’, म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढचे नाव स्वराने सुरू होत असले तर ‘अब’. मुलगी असेल तर ‘वेर्ख’. मरेदिद अब येवान अप रॉबर्ट; लानरूस्टच्या लेखातला मेरेडिथ तो हाच. आपल्या मधल्या नावाची सवय असलेल्या मराठी माणसाला हे चटकन कळते, फक्त शेवटी आडनावाचा खुंटा नाही हे लक्षात ठेवायचे. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कारभारात आले, कोर्टाच्या लेखनिकांना ही माळ नकोशी झाली, आणि जमीनदारांची आडनावे ठरू लागली. अप ऱ्हीसचे प्राइस, अप हवेलचे पॉवेल, अप ह्यूचे प्यू, अप हॅरीचे पॅरी, अब ओवाइनचे बोवेन, अब एनियनचे बेनन. काहींची टोपणनावे चिकटली: करड्या केसांचा तो लॉइड, लाल तो गॉफ, धाकटा तो व्हॉन. काहींनी घराचेच नाव घेतले. मॉस्टिन घराण्याबद्दल सांगतात की बिशप रोलंड ली त्या लांबलचक नावांना कंटाळला आणि त्याने त्यांना घराचे नाव लावायला सांगितले.

‘विन’ म्हणजे गोरा. मरेदिदचा मुलगा जॉन हा जॉन विन अप मरेदिद, म्हणजे मरेदिदचा गोरा जॉन. तो १५५९ मध्ये वारला. त्याच्या मुलाने, मॉरिसने, तोच शब्द आडनावासारखा वापरला. म्हणजे १५५० च्या आधी या घराण्यासाठी ‘विन’ असे शोधण्यात अर्थ नाही. उलट वेल्समध्ये गोऱ्या माणसांचा तुटवडा नसल्याने विन आडनावाची डझनभर घराणी आहेत, त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. भावाभावांचीही आडनावे वेगळी निघतात: एकाने बापाचे नाव गोठवले, दुसऱ्याने शेताचे घेतले. बायका लग्नानंतरही बापाचेच नाव लावत, त्यामुळे नवऱ्याच्या आडनावाने दफनाची नोंद शोधून ती मिळत नाही.

स्पेलिंगचे एक उदाहरण पुरे. मरेदिद १५२५ मध्ये वारला. डोलविदेलानच्या छोट्या चर्चमध्ये त्याची पितळी पाटी आहे: चिलखत घातलेला, गुडघे टेकून हात जोडलेला माणूस, आणि खाली लॅटिनमध्ये नाव. पाटीवर बापाचे नाव ‘इव्हान’. लानरूस्टच्या भिंतीवर तोच ‘एव्हन’. वेल्श हस्तलिखितांत ‘येवान’. आणि लॅटिन दस्तात लेखनिक त्याला ‘योहानेस’ करतो, जे तो जॉनलाही करतो. पण या पाटीचे मोल वेगळेच आहे. ती लानरूस्टच्या लेखाहून शंभरावर वर्षांनी जुनी, आणि तिच्यावर मरेदिद, इव्हान, रॉबर्ट अशा तीन पिढ्या एका दमात आहेत. नातवंड-पतवंडांना वंशाचा अभिमान चढण्याआधीचा हा पुरावा. दोन सांधे तिने एकटीने पक्के केले.

कागद वाचताना ‘वेर्ख’ पुरता लिहिलेला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. नुसते व्ही आणि झेडसारखे वळण काढून लेखनिक मोकळा होतो. कोर्टाचे कागद १७३३ पर्यंत, मधली यादवीची वर्षे सोडून, लॅटिनमध्ये आणि आखूड रूपांत. वेल्श हस्तलिखितांत आईची माहिती ठरावीक साच्यात येते: ‘माम’ अमुक, मग ‘ओइद’, मग तमुक वेर्ख तमुक. माम म्हणजे आई, ओइद म्हणजे होती. एवढे दोन शब्द ओळखता आले की अर्धे पान वाचता येते.

नावे अशी पाऱ्यासारखी निसटत असताना स्थिर राहते ती जमीन. म्हणून अप-अबच्या काळात माणसाऐवजी घराचे आणि वाडीचे नाव धरून चालावे. यादीत ‘मरेदिद’ टाकले तर शेकडो मिळतील. ‘डोलविदेलान’ टाकले तर मोजकी पुडकी मिळतील आणि त्यात आपला माणूस असेल.

जुन्या वेल्श कायद्यात जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई, आणि बापाने मान्य केलेल्या अनौरस मुलालाही वाटा मिळे. १२८४ च्या रुडलनच्या कायद्याने अनौरसांचा वाटा बंद केला. सारखी वाटणी मात्र १५४३ पर्यंत चालली. एका पूर्वजाच्या वंशजांच्या सामाईक जमिनीला ‘ग्वेली’ म्हणत, शब्दशः बिछाना. १३३४ ची डेन्बीची पाहणी आणि १३५२ ची अँगलसी-कारनार्वनची मोजणी या दोन्ही छापील मिळतात. त्यांत कोणत्या वाडीत कोणाची ग्वेली आणि तिचे वाटेकरी कोण, हे महसुलासाठी लिहिलेले आहे. लिहिणाऱ्याला कोणाच्या मोठेपणाशी कर्तव्य नव्हते, सारा वसूल करायचा होता. वंशावळ तपासणाऱ्याला याहून बरा साक्षीदार कोठून मिळणार?

वाटण्यांचा दुसरा परिणाम भाऊबंदकी. मरेदिदने एवियोनिद या मुलुखातले वडिलार्जित सोडून डोलविदेलानच्या रानात बस्तान हलवले. घराण्याच्या इतिहासात कारण दिले आहे की तिथे राहिलो तर भाऊबंदांना मारावे तरी लागेल किंवा त्यांच्या हातून मरावे तरी. पुढे १५०० च्या सुमारास त्याने ग्विदिर विकत घेतले. कागद शोधणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की मरेदिदच्या वरचे पुरावे ग्विदिरच्या आसपास शोधायचे नाहीत. ते एवियोनिदमध्ये.

१५४३ नंतर वेल्सच्या १२ परगण्यांसाठी ग्रेट सेशन्स ही न्यायालये १८३० पर्यंत चालली, आणि त्यांचे दप्तर अ‍ॅबरिस्टविथला आहे. मॉनमथशर त्यात नाही. त्यासाठी इंग्लंडच्या न्यायालयांकडे वळावे लागते. जमीन हस्तांतराचे लटके दावे या दप्तरात भरपूर आहेत. पुढे कोणी हक्क सांगू नये म्हणून विकणाऱ्याची बायको आणि वारस यांनाही त्यात पक्षकार करत, त्यामुळे एका ओळीत कुटुंब मिळते. क्यूला ‘सी १४२’ मालिकेत मृत जमीनदारांच्या वारसाची चौकशी असते: मृत्यूची तारीख, जमिनी, वारस आणि त्याचे वय. वयाबाबत सावध. ‘२१ वर्षे आणि अधिक’ म्हणजे सज्ञान, इतकेच; तो ४५ वर्षांचाही असतो. वय नेमके असते ते वारस अज्ञान असला तर, कारण पालकत्वात पैसा होता.

आता भाटांकडे. १२व्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स लिहून गेला की इथल्या साध्या माणसालाही सहा-सात पिढ्या तोंडपाठ असतात. त्याला कारण होते: खुनाची भरपाई सातव्या पायरीपर्यंतच्या नातलगांनी मिळून द्यायची, जमिनीचा हक्कही नात्यावर. १५व्या-१६व्या शतकात हे ज्ञान कवींच्या वह्यांत उतरले. अशा वह्या लिहिणारा कवी ग्रिफिद हिराएथॉग १५६४ मध्ये वारला. लुइस डन याला १५८६ मध्ये हेराल्डचा, म्हणजे वंश आणि ढालचिन्हे नोंदणाऱ्या दरबारी अधिकाऱ्याचा, प्रतिनिधी नेमले. तो घरोघर फिरला, वंशावळी लिहिल्या, बिदागी घेतली आणि यजमानाची सही घेतली. हेन्गर्टच्या रॉबर्ट वॉनने १७व्या शतकात अशा वह्या जमवून ताडून पाहिल्या, आणि तो संग्रह १९०९ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात आला.

डनच्या वंशावळीचा खालचा भाग, म्हणजे यजमान, त्याची बायको, मुले, बाप, आजोबा, हा साक्षीपुराव्यासारखा घ्यावा. त्याच्यासमोर बसलेल्या माणसाने ते सांगितले आणि सही केली. वरचा भाग आधीच्या वह्यांतून उतरवलेला. चार वह्यांत तेच असले तरी ते चार साक्षीदार नाहीत. एकाच वहीच्या चार नकला असू शकतात, आणि सारखीच चूक दिसली की तसेच समजावे. १८४६ ची छापील प्रत सोयीची, पण वाचनाच्या चुकांची. पीटर बार्ट्रमने १९७४ मध्ये ८ आणि १९८३ मध्ये १८ खंडांत १५०० पर्यंतच्या वंशावळी तक्त्यांत मांडल्या. या कामाला तोड नाही. मात्र ‘बार्ट्रममध्ये आहे’ म्हणजे ‘हस्तलिखितांत असे म्हटले आहे’ असे वाचायचे. ‘सिद्ध आहे’ असे नाही.

या घराण्यातला सगळ्यात मोठा खड्डा थॉमस अप ऱ्होद्री या नावाचा आहे. विनांच्या माळेत कारादोग अप थॉमस अप ऱ्होद्री अब ओवाइन ग्विनेद असे येते. हा ऱ्होद्री ११९५ मध्ये वारला. पण राजघराण्यात आणखी एक ऱ्होद्री आहे, वेल्सचा राजा शेवटचा लिवेलिन याचा भाऊ, १३१५ च्या सुमारास वारलेला. त्याच्याही मुलाचे नाव थॉमस, तो १३६३ मध्ये वारला; आणि त्या थॉमसचा मुलगा ओवाइन लॉगोख, फ्रान्समध्ये लढणारा, १३७८ मध्ये मारेकऱ्याच्या हातून मेला. संगणकावरच्या तयार झाडांत हे दोन थॉमस एक होऊन जातात आणि विन घराणे फुकटात शेवटच्या लिवेलिनच्या सख्ख्या भावाला जोडले जाते.

कागद नसला तरी हे बेरीज-वजाबाकीने पकडता येते. दुसरा थॉमस १३०० च्या आसपास जन्मला धरा. त्याच्यापासून कारादोग, ग्रिफिद, दाविद, हवेल, मरेदिद, रॉबर्ट, येवान आणि मग आपला मरेदिद, जन्म १४६० च्या सुमारास. आठ पायऱ्या, १६० वर्षे, पिढीला २० वर्षे. एखाद-दुसरी पिढी अशी असते; सलग आठ नसतात. आता पहिला थॉमस घ्या. ओवाइन ग्विनेद ११०० च्या आसपासचा, सर जॉन १५५३ चा. मधे १३ पायऱ्या, म्हणजे पिढीला जवळजवळ ३५ वर्षे. थोडी जास्त, पण बसते. सरासरी २५ च्या खाली किंवा ४० च्या वर गेली की नाव गाळले किंवा घुसडले असे समजून शोधायला लागावे. गणित बसले म्हणजे सांधा सिद्ध झाला असे मात्र नाही. तो अशक्य नाही, एवढेच कळते.

बायकांच्या बाजूला असाच गोंधळ बेराइनच्या कॅथरिनचा. चार लग्ने, चारही बड्या घरांत, आणि वंशज इतके की तिला ‘वेल्सची आई’ म्हणत. मॉरिस विन हा तिचा तिसरा नवरा. म्हणून उत्साही लोक सर जॉनला तिच्या पोटी घालतात. सर जॉनची आई जेन बल्कली, मॉरिसची आधीची बायको. कॅथरिन त्याची सावत्र आई. जिथे नवऱ्याची लग्ने एकाहून जास्त, तिथे प्रत्येक मुलापुढे आईचे नाव स्वतंत्र पुराव्याने लिहावे.

लानरूस्टच्या लेखाची भाषाही तपासण्याजोगी. ओवाइनचा मुलगा दाविद याने इंग्लंडच्या हेन्री दुसऱ्याची बहीण एम्मा हिच्याशी लग्न केले असे तो सांगतो. एम्मा ही हेन्रीची सावत्र आणि अनौरस बहीण. दगडावर नुसती ‘बहीण’. खोटे काही नाही, फक्त उजेड हवा तिथे पाडला आहे. तेच ढालचिन्हाचे. हिरव्यावर तीन सोनेरी गरुड हे चिन्ह ओवाइन ग्विनेदचे म्हणून विन वापरत. ओवाइनच्या काळी वेल्समध्ये वंशपरंपरागत चिन्हांची पद्धत बसलेली नव्हती; ते नंतरच्यांनी त्याला बहाल केले. दोन घराण्यांचे चिन्ह सारखे निघाले तर इतकेच कळते की दोघेही एकाच पूर्वजावर हक्क सांगत होते.

आणि सांगणारा कोण, हे विसरू नये. सर जॉन कोर्टकज्ज्यांत मुरलेला, १६११ चा बॅरोनेट. घराण्याचा इतिहास त्यानेच लिहिला, तो १७७० मध्ये छापला गेला. स्थानिक तपशिलासाठी तो सोन्यासारखा आहे. आपले घराणे राजवंशाची थोरली पाती ठरावे, ही त्याची गरज मात्र पानोपानी जाणवते. भिंतीवरचा लेख त्याच्या मुलाचा. हे दोन पुरावे मोजायचे एकच.

शेवटी मोठ्या कागदावर तक्ता मांडताना प्रत्येक सांध्याला तीन रकाने ठेवले: कोणता कागद, तो किती वर्षांनी लिहिलेला, आणि कोणत्या जमिनीबद्दल. रिचर्डपासून रॉबर्टपर्यंतचे खालचे सहा सांधे पत्रे, दस्त आणि डोलविदेलानची पाटी यांवर उभे, त्यांना सलग रेघ. सगळ्यात वरचा, ऱ्होद्री हा ओवाइनचा मुलगा, इतिवृत्तांत स्पष्ट आहे. त्यालाही सलग रेघ. ओवाइनच्या बापाचे, ग्रिफिद अप कनानचे, मध्ययुगीन चरित्र आहे आणि त्यात वंश आदमपर्यंत नेला आहे, पण तक्ता ओवाइनपाशीच थांबवला. मधले सात सांधे भाटांच्या वह्यांवर, त्यांना तुटक रेघ. त्या प्रत्येक रेघेच्या उजवीकडे १३५२ च्या मोजणीतले वाडीचे नाव लिहिण्यापुरती जागा कोरी आहे.